पत्रा उघडा झाला की

पावसाळा पुरता सरल्याशिवाय आबांच्या ट्रकला रंग लावायचा नाही, हे ठरलेलंच होतं. शिरवण्यातल्या आमच्या अंगणापासून खाडी काही लांब नाही. या दमट, खारट हवेत घासलेला पत्रा रातोरात तांबूस होतो. शिवाय थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि रंग दुधाळ दिसतो.

गाडी टाटा-मर्सिडीज. 1954 साली टाटांनी डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला हे ट्रक बनू लागले. 1969 मध्ये करार संपला, तसा पुढचा तारा गेला. आमच्या गाडीवर तो अजून आहे. वाशी-नेरूळ उभं राहत होतं तेव्हा तुर्भ्याच्या खाणीतली खडी हिनेच वाहिली. शहर कुणी बांधलं हे सांगताना या गाड्यांचं आणि त्यांच्या ड्रायव्हरांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आज डावं दार घासायला घेतलं. वरचा नारंगी निघाला, मग हिरवा, मग आबांच्या हातची जुनी लांबी. कडेने फुगलेली, खाली गंज. लांबी पाणी पिते. ती नीट वाळायच्या आत वरून रंग चढवला की आतून पत्रा सडतो. सगळी उकरली, पत्रा लख्ख केला, थिनरने पुसला आणि लगेच प्रायमर मारला.

उद्या कॅबिनचं छत. मागच्या फाळक्यावरची अक्षरं मात्र आबा सांगतील त्याच रंगात.