चढावरचा सब्र

आम्ही दोघी नणंद-भावजय. एकीचं वय 46, दुसरीचं 39. वेंगुर्ल्यात आमचं घर बंदराच्या वाटेवर आहे, त्यामुळे समुद्र रोजचाच. डोंगराशी संबंध आला तो पाहुण्यांकडे बेळगावला जाताना, तोही गाडीतून. अशा आम्ही दोघींनी गेल्या पावसाळ्यात सातारा हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली. परतल्यावर ओळखीच्या बऱ्याच भगिनींनी विचारलं, "एवढी हिंमत आणली कुठून?" त्याचं उत्तर नीट द्यावं म्हणून हे लिहीत आहोत.

सुरुवात भीतीतून झाली. आमच्या घरात मधुमेह जुना आहे. अब्बांचा एक पाय त्यापायी कापावा लागला. त्यांची जखम धुणं, पट्टी बदलणं हे सगळं आम्ही दोघींनी केलं. पुढे तोच आजार आमच्यातल्या थोरलीला निघाला, तेव्हा घरात कुणी फारसं बोललं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. एकटीने जायला नको म्हणून धाकटी बरोबर निघाली. फजरनंतर किनाऱ्यावर चालणं, मग थोडं धावणं, असं दीड वर्ष गेलं आणि साखर आटोक्यात आली.

साताऱ्याची ही शर्यत 2012 पासून होते. अंतर 21 किलोमीटरच्या थोडं वर. शहरातून निघून यवतेश्वर घाटाने कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परतायचं. म्हणजे जाताना बहुतेक चढ, येताना उतार. त्याची तयारी किनाऱ्यावरच्या वाळूत होणार नव्हती. म्हणून रोज बंदराजवळच्या दीपगृहाचा चढ धरला आणि महिन्यातून एका रविवारी आंबोली घाट. वेंगुर्ले बंदर बेळगावशी जोडणारा जुना रस्ता याच घाटातून जातो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच आहे. दाणोलीपाशी उतरायचं आणि चढायला लागायचं.

आंबोलीने पहिली गोष्ट शिकवली ती ही, की चढावर सपाटीचा वेग मागायचा नाही. आपसात एक पूर्ण वाक्य बोलता येईनासं झालं, की आम्ही चालू लागायचो. श्वास जागेवर आला की पुन्हा धावायचो. घाटाचा माथा बघायचा नाही, पुढचं वळण तेवढं बघायचं. एवढ्यावर तो घाट चढून होत असे.

दुसरी गोष्ट मनाच्या थकव्याची. ब्रिटनमध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना 90 मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं, मग सायकल चालवायला लावली. एरवीपेक्षा त्यांनी लवकर हात टेकले. हृदय आणि स्नायू तसेच होते, पण तेवढेच श्रम त्यांना जास्त जड वाटत होते. घर सांभाळणाऱ्या बाईला हे पटायला वेळ लागत नाही. रोजा ठेवणाऱ्यालाही याची उलट बाजू माहीत असते. असरच्या सुमारास तहान असह्य वाटते, आणि इफ्तारीच्या तयारीत हात गुंतले की तीच तहान सोसवते.

शर्यतीच्या दिवशी पाऊस आणि धुकं होतं. घाटात आठवा किलोमीटर मागे पडला आणि थोरलीचे हात थरथरू लागले. पावसात भिजत असूनही तिला दरदरून घाम फुटला. बोलणं तुटक झालं.

"तू हो पुढे, मी येते हळूहळू."

"आपा, आधी बसा."

कमरेच्या पिशवीत साखर मोजायचं यंत्र होतं. आकडा आला 64. साखर 70 च्या खाली गेली की थांबायचं, हे डॉक्टरांना विचारून आम्ही घरीच ठरवलं होतं. ग्लुकोजची तीन चमचे पावडर पाण्यातून घेतली आणि 15 मिनिटं रस्त्याकडेला बसलो. शेजारून माणसं धावत जात होती. चढापेक्षा ही 15 मिनिटं कठीण गेली. उठावंसं वाटत होतं, आणि बसून राहणं हेच त्या वेळचं काम होतं. दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा 92. ते 90 च्या वर आलं नसतं तर आम्ही रुग्णवाहिका मागवून खाली उतरणार होतो, हेही आधीच ठरलं होतं. मग थोडी बिस्किटं, दोन खजूर, आणि पुढचा सगळा चढ आम्ही चालत गेलो. वर पोहोचल्यावर पुन्हा मोजलं, मगच परत फिरलो. उतारावर मांड्यांनी हिशेब मागितला. शेवटच्या काही जणांत आम्ही होतो, पण बरोबर होतो.

सब्र म्हणजे दात-ओठ खाऊन रेटत राहणं, असं पुष्कळांना वाटतं. पण आपल्याकडे आजाऱ्याला आणि मुसाफिराला रोज्यात सवलत दिलेली आहे, सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे. तिथे सब्राला उणेपणा येत नाही. आम्हांला चढावर हेच कळलं: थांबायचं कधी ते मन शांत असताना ठरवून ठेवावं, आणि ती वेळ आली की लाज न बाळगता पाळावं. बाकीच्या वेळी मन जे 'आता पुरे' म्हणतं, त्याला पुढच्या वळणापर्यंत थांबायला सांगता येतं.

ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी धावायला निघण्याआधी डॉक्टरांशी गोळ्या-इन्सुलिनविषयी बोलावं, गोड जवळ ठेवावं आणि सोबत कुणीतरी असावं.

सध्या फजरनंतर शेजारच्या तिघी दीपगृहाच्या चढावर आमच्याबरोबर येतात. त्यांना शर्यत वगैरे काही करायची नाही. त्या चालतात, आम्ही धावतो, आणि वर पोहोचलो की सगळ्या मिळून खाली उतरतो.