पसंतीचा क्रम

चातुर्मास लागला म्हणजे आमच्या घरीं मातुःश्रींचे नेम सुरू होतात. परंतु २०२५ सालच्या चातुर्मासांत आम्हीं स्वतः जो नेम धरला, तो कोणत्याही पोथींत सांगितलेला नाहीं. सकाळीं चहापूर्वीं, दुपारीं जेवणानंतर व रात्रीं निजण्याच्या आधीं वैद्यकीय प्रवेशाचीं संकेतस्थळें उघडून पाहावयाचीं, आणि आमच्या पुतणीचा अर्ज कोठवर आला ह्याची वर्दी घरांतील नऊ माणसांस द्यावयाची, असा तो नेम होता. त्या नेमाचें फळ आम्हांस काय मिळालें, तें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

आमच्या घरांत ह्यापूर्वीं एकदांच कोणी डॉक्टर होण्याची इच्छा धरली होती. ते आमचे थोरले बंधु. १९८९ सालीं बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत असे, व निवडीची यादी महाविद्यालयाच्या फळ्यावर लागे. बंधु यादीच्या दिवशीं सकाळीं गेले, फळा दोनदां वाचला, आणि घरीं येऊन मुकाट्यानें जेवले. त्या विषयाचा उच्चार पुन्हां झाला नाहीं. पुढें त्यांनीं बँकेत नोकरी धरली. त्यांच्याच कन्येनें जेव्हां डॉक्टर व्हावयाचें ठरविलें, तेव्हां बंधु कांहींच बोलले नाहींत. आम्हीं मात्र ह्या वेळीं कांहीं निसटूं द्यावयाचें नाहीं अशी मनाशीं गांठ मारली.

आतांचा मार्ग पुष्कळ लांबचा आहे. ४ मे २०२५ रोजीं नीट परीक्षा झाली. प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. देशांत बावीस लाखांहून अधिक मुलांनीं ती दिली. पुढें उत्तरसूची संकेतस्थळावर आली, मग १४ जूनला निकाल. निकालानंतर वाटा दोन फुटतात. सरकारी महाविद्यालयांतील शेंकडा १५ जागा दिल्लीच्या समितीमार्फत अखिल भारतीय पद्धतीनें भरतात, व उरलेल्या ८५ आपल्या राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षामार्फत. दोहोंकडे नोंदणी निराळी, शुल्क निराळें, मुदती निराळ्या. कागदपत्रें चढवावयाचीं, त्यांची तपासणी झाली कीं नाहीं तें पाहावयाचें, गुणवत्ता यादींत क्रमांक शोधावयाचा, महाविद्यालयांची पसंती क्रमवार भरावयाची, व ती मुदतीच्या आंत पक्की करावयाची. एवढें सर्व घरबसल्या दिसतें ही मोठी सोय खरी. परंतु जें केव्हांही पाहतां येतें, तें माणूस सदासर्वकाळ पाहत बसतो, हा अनुभव आम्हांस लौकरच आला.

नोंदणीच्या वेळीं मुलगी अभ्यासांत गढलेली होती, म्हणून भ्रमणध्वनीचा क्रमांक आमचा दिला. तेवढ्यावरून आम्ही त्या अर्जाचे धनीच झालों! एक जाड वही घातली, तींत तारखा, शुल्काच्या पावत्या व प्रत्येक सूचनेचा सारांश लिहिला. पालकांच्या तीन व्हॉट्सॲप समूहांत शिरलों. कोणाच्या मुलास किती गुण, कोणाचीं कागदपत्रें तपासून झालीं, हें आम्हांस तोंडपाठ होतें. आपली पुतणी रात्रीं जागी कां असते, हें मात्र आम्हीं विचारलें नाहीं. ती खोलींतून बाहेर आली कीं तिच्या अर्जाची स्थिति आम्हीच तिला सांगत असूं. एकदां ती हंसून म्हणाली, “काका, माझ्याविषयीं मला सोडून सगळ्यांना सगळें माहीत असतें.” आम्हीं तो विनोद समजलों.

ह्यांतच भविष्य वर्तविणारीं साधनें आमच्या हातीं लागलीं. गुण व प्रवर्ग भरला कीं कोणतें महाविद्यालय मिळेल, ह्याचा अंदाज तीं सांगतात. आधार मागील वर्षाचा. आतां पाहा, २०२४ सालीं सुधारित निकालानंतरही १७ विद्यार्थ्यांस पैकींच्या पैकीं ७२० गुण होते; २०२५ सालीं देशांत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास ६८६. पेपरच इतका कठीण होता कीं दोन वर्षांच्या गुणांची तुलना करणें म्हणजे शेर आणि किलो एकाच कांट्यावर मोजणें. हें आम्हांस समजावयास हवें होतें. परंतु आम्ही पत्रिकेपुढें बसलेल्या माणसासारखे त्या साधनांपुढें बसलों. त्यांनीं सांगितलें कीं सरकारी महाविद्यालय कठीण. शहराजवळचें एक खासगी महाविद्यालय मात्र खात्रीचें.

पुतणीनें आपली यादी स्वतः लिहिली होती. वर पुणें, मुंबई. मग मिरज, सोलापूर. अकराव्या स्थानीं अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. आणि तें खासगी महाविद्यालय चौदावें. मातुःश्रींचा धोशा असा कीं पोरीनें घराजवळ राहावें. आम्हीं एके रात्रीं विचार केला, खात्रीचें आहे तें वर असलेलें बरें. आणि कोणास न विचारतां अकरा व चौदा ह्यांची अदलाबदल केली. शिवाय सुरक्षिततेसाठीं म्हणून पासवर्डही बदलला, व तो आपल्या खिशांतील रोजनिशींत टिपून ठेवला.

यादी पक्की करण्याची मुदत श्रावणांतल्या एका दिवशीं सायंकाळीं सहा वाजेपर्यंत होती. त्याच दिवशीं दुपारीं आमच्या वाचनालयाची वार्षिक सभा होती. एकदां परत येऊन रात्रीपर्यंत वेळ आहे, असें आमच्या मनांत. सहाचा आंकडा वहींत होता, डोक्यांत नव्हता. इकडे पुतणी शेवटची नजर टाकावी म्हणून बसली, तों पासवर्ड चालेना. नवा मागितला, तर ओटीपी आमच्या भ्रमणध्वनीवर. आणि तो सभेच्या शिष्टाचाराप्रमाणें मुका केलेला. तिनें चौदा वेळां फोन केला. पांच वाजून वीस मिनिटांनीं ती पावसांत भिजत सभागृहांत आली, आमच्या खुर्चीपाशीं उभी राहिली, आणि हात पुढें करून हळूच म्हणाली, “काका, पासवर्ड.”

वाचनालयाच्या पायरीवर बसून तिनें यादी उघडली. खालीं येतां येतां तिचें बोट थांबलें. “अंबाजोगाई चौदावर कशी गेली?” आम्हीं कबूल केलें. ती रागावेल असें वाटलें होतें. ती रागावली नाहीं, तें अधिक जड गेलें. म्हणाली, “काका, माझ्या आधींच्या मुलांना जागा देऊन झाल्या कीं यंत्र माझी यादी वरून वाचत येतें, आणि जिथें पहिल्यांदा जागा दिसते तिथेंच थांबतें. खासगी वर असलें तर तिथेंच थांबेल. खालीं अंबाजोगाईला जागा आहे कीं नाहीं, हें तें पाहणारच नाहीं. वरचें नाहीं मिळालें म्हणून खालचें हातचें जात नाहीं. म्हणून जें मनापासून हवें तेंच वर लिहावयाचें.” थोडें थांबून पुढें म्हणाली, “तिथली वर्षाची फी किती लाख आहे, तें तुमच्या वहींत आहे ना? बाबांनीं निवृत्तीच्या तोंडावर कर्ज काढलेलें मला नको. बाबा कधींच नको म्हणणार नाहींत, म्हणून मलाच पाहावें लागतें.”

एवढा हिशेब ती एकटीच करीत होती, आणि आम्ही तीन समूहांतील परक्या मुलांचे गुण मोजीत होतों! तिनें क्रम पूर्ववत् केला, सर्व नांवें मोठ्यानें आम्हांस वाचून दाखविलीं, आणि पांच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनीं यादी पक्की केली. बारा मिनिटें उरलीं होतीं. तेथेंच आम्हीं रोजनिशींतील तें पान फाडून तिच्या हातीं दिलें, आणि दुसऱ्या दिवशीं वहीही.

ह्या प्रसंगानंतर आम्हांस आनंदीबाई जोशी यांचें स्मरण पुष्कळदां झालें. १८८३ सालीं त्या अमेरिकेंत पोंचल्या तेव्हां यजमान हिंदुस्थानांतच होते. अठरा वर्षांच्या त्या मुलीनें पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे पत्र लिहून आपली पात्रता व आपला हेतु स्वतः मांडला, आणि १८८६ सालीं ती पदवी घेऊन बाहेर पडली. गोपाळरावांचा आग्रह, त्यांचा लोभ व त्यांचा जाच हें सर्व प्रसिद्धच आहे. पण तो अर्ज तिचा होता. आमच्या पुतणीचें वयही अठराच. तिच्या अर्जावर मात्र चार महिने आमचीच बोटें फिरत होतीं.

पहिली यादी लागली तेव्हां ती तिनें स्वतः पाहिली, व कोणासही हांक न मारतां प्रथम बंधूंच्या खोलींत गेली. आंत दोघांचें काय बोलणें झालें, तें आम्हांस ठाऊक नाहीं. ठाऊक असण्याचें कारणही नाहीं. बंधु बाहेर आले ते डोळे पुशीत आले, आणि म्हणाले, “अंबाजोगाई.”

आतां मातुःश्री काय म्हणतील ह्याची आम्हांस धास्ती होती. कारण त्यांच्या मनधरणीसाठीं आम्हीं त्यांस एवढेंच सांगितलें होतें कीं तें बीड जिल्ह्यांत कोठेंतरी लांब आहे. नांव ऐकतांच त्या जपाची माळ खालीं ठेवून ताठ बसल्या. “अंबाजोगाई? अरे, योगेश्वरी आपली कुलस्वामिनी! पोर देवीच्या दारीं जाते आहे, आणि तूं मला कोठेंतरी म्हणून सांगतोस?” आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. त्याच संध्याकाळीं त्यांनीं ओटीसाठीं खण काढून ठेवला.

हल्लीं आमचा नेम सुटला आहे. आठवड्यांतून एकदां पुतणीचा फोन येतो. ती सांगते तेवढें आम्ही ऐकतों, व न सांगे तें विचारीत नाहीं. येत्या वर्षीं ज्या घरांतून कोणी ह्या वाटेनें जाणार असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंति इतकीच कीं तारखांची वही खुशाल ठेवावी, शुल्क वेळेवर भरावें, रात्रीं कपभर दूध नेऊन द्यावें. पण भ्रमणध्वनीचा क्रमांक मुलाचाच द्यावा, आणि पसंतीचा क्रमही त्याचाच राहूं द्यावा.