आधी तिथी

काकाला मी चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि ते अगदी ठामपणे दिलं होतं.

थळच्या किनाऱ्यावर जाळं विणताना त्यानं विचारलं, पावसाळ्यात ओढ्याचं गढूळ पाणी समुद्रात किती वेळात मिसळतं? मी रासायनिक अभियांत्रिकी शिकवायचो. विसरण गुणांक घ्यायचा, फिकच्या समीकरणात घालायचा, वेळ काढायची. काही तासांत, म्हटलं. काका म्हणाला, "पानी लगेच मिसलत नाय, पोरा. भांगाला तर नायच." भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे कमी भरतीचे दिवस. काकाचं बोलणं मी मनावर घेतलं नाही.

अडॉल्फ फिक हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ. 1855 साली त्यानं नळीत खाली मीठ, वर गोडं पाणी ठेवून मीठ कसं वर चढतं ते मोजलं. स्थिर पाण्यात मिठाचा गुणांक सेकंदाला जेमतेम 0.000016 चौरस सेंटिमीटर. एक सेंटिमीटर पसरायला साधारण 9 तास, एक मीटरला 10 वर्षं. अंतर शंभरपट तर वेळ दहा हजारपट. म्हणजे समुद्रात मिसळण्याचं काम रेणू नाही, भोवरे करतात. हे मला ठाऊक होतं. गावाशेजारी 1987 साली सुरू झालेल्या जड पाण्याच्या प्रकल्पाची रीत मी वर्गात सांगायचो: हायड्रोजनमधलं ड्युटेरियम द्रव अमोनियात उतरवायचं, पण हायड्रोजन त्यात फारसा विरघळत नाही, म्हणून मनोऱ्यात दोन्ही जोरानं घुसळायचे. समुद्रासाठी मात्र मी गुणांक तेवढा मोठा केला आणि तो सगळीकडे एकच धरला. माझ्या कागदावर गढूळ पाणी गोल डागासारखं पसरायचं.

नारळी पौर्णिमेला काकाच्या होडीत बसलो होतो. समोर खांदेरी बेट. दोन नारळ पाण्यात पडले, हातभर अंतरावर. बराच वेळ जोडीनं डुलत राहिले. मग एक फेसाच्या पट्ट्यात ओढला गेला, आणि अंतर जसं वाढलं तसं ते आणखी वेगानं वाढू लागलं. बाकीचे नारळही त्याच पट्ट्यात येऊन रांगेत लागले. पट्ट्याच्या अलीकडे पाणी मातकट, पलीकडे हिरवं. उधाणाच्या दिवशीही ती रेघ होडीखालून स्पष्ट दिसत होती. गोल डाग कुठेच नव्हता.

लुईस रिचर्डसननं हेच 1926 साली हवेबद्दल मांडलं होतं: दोन कणांतलं अंतर 8 पट झालं की गुणांक 16 पट होतो, कारण तेव्हा मोठे भोवरे त्यांना वेगळं ओढू लागतात. पुढे त्यानं आणि हेन्री स्टॉमेलनं स्कॉटलंडमध्ये पार्सनिप या गाजरासारख्या कंदाचे तुकडे पाण्यात सोडून तेच मोजलं आणि 1948 साली छापलं. तो कंद जवळजवळ बुडूनच तरंगतो, वारा त्याला फारसा ढकलत नाही. हा निबंध मी वाचलेला होता. नारळ पाहीपर्यंत तो माझ्या समीकरणापर्यंत पोचला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

समुद्रातला तो गुणांक एकट्या पाण्याचा गुण नाही. डाग केवढा आहे, किनारा कुठे आहे, भरती किती चढली आहे, यांवर तो ठरतो. किनाऱ्याला समांतर वेगळा, आडवा वेगळा.

होडीतच मी काकाला म्हटलं, तुझंच खरं. तो वल्ह्यावर वाकलेला, नुसता हसला. आता समुद्राचं कुठलंही गणित मांडताना वहीच्या पहिल्या ओळीत गुणांक नसतो. तिथे मी तिथी लिहितो.