छातीवरचे एक वाक्य

‘बिल्ला’ या शब्दाला मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही. बिल्ला हमालाचा असतो, रिक्षाचालकाचा असतो, बसच्या वाहकाचा असतो. कचेरीच्या दाराशी बसणाऱ्या माणसास ज्यावरून ‘चपराशी’ म्हणतात, ती चपरास म्हणजे पट्ट्यावर मिरवायचा पितळी बिल्लाच होय. ‘दीवार’ (१९७५) या चित्रपटात नायकाला बंदुकीच्या गोळीपासून वाचवणारा ७८६ क्रमांकाचा बिल्लाही मुळात गोदीकामगाराचा. या साऱ्या बिल्ल्यांचे काम एकच : हा माणूस कोणाचा, हे सांगणे. तो स्वतः कसा आहे, याच्याशी बिल्ल्याला कर्तव्य नसते.

लहानपणी आम्हांस भेटलेले निवडणुकीचे बिल्ले जरा मोकळे होते. प्रचाराची जीप गल्लीत शिरली की आम्ही पोरे तिच्यामागे धावत असू आणि हाती येईल तो बिल्ला सदऱ्यावर टाचत असू. परस्परांची अनामत रक्कम जप्त करण्याच्या गर्जना करणारे पक्ष आमच्या एकाच खिशावर गुण्यागोविंदाने नांदत. आघाडीच्या राजकारणाची कल्पना आम्हांस पुढाऱ्यांच्या बरीच आधी आली होती, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु तेथेही बिल्ल्यावरचे चिन्ह पक्षाचे, घोषणा पक्षाची. टाचणीने पडलेली सदऱ्याची भोके तेवढी आमची.

म्हणून १९९८ साली नोकरीच्या निमित्ताने कॅलिफोर्नियात गेलो, तेव्हा बर्कलीच्या टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यूवर पाहिलेल्या बिल्ल्यांनी आम्ही चक्रावलो. पदपथावर मांडलेल्या टेबलांवर शेकडो गोल बिल्ले. काही रुपयाच्या नाण्याएवढे, काही पाणीपुरीच्या पुरीएवढे. राजकीय बिल्ले होतेच, पण आम्ही खिळून राहिलो ते दुसऱ्या एका ढिगापाशी. तेथे प्रत्येक बिल्ल्यावर एक वाक्य होते आणि ते कोणत्याही पक्षाचे, कंपनीचे वा देवस्थानाचे नव्हते. मराठीत आशय सांगायचा तर : ‘मी सकाळचा माणूस नाही, दुपारचाही असेन असे वाटत नाही.’ ‘रांगेत मी तुमच्या पुढे आहे, बाकी सगळ्यांत मागे.’ ‘मी ऐकतो आहे असे समजा.’ माणसे स्वतःच्या पैशाने बिल्ला विकत घेऊन आपला आळस, विसराळूपणा, माणूसघाणेपणा छातीवर लावून हिंडत होती, आणि त्यांना ना हजेरी द्यायची होती ना मत मागायचे होते.

या वस्तूचा पूर्वेतिहास मात्र निवडणुकीतूनच गेलेला आहे. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी गौरवपर अक्षरे कोरलेली धातूची बटणे कोटाला शिवून घेतली. लिंकन यांच्या १८६० च्या प्रचारात पत्र्यावरची इवली छायाचित्रे आली. आजच्या धाटणीचा बिल्ला १८९६ चा. न्यू जर्सीतील नेवार्क येथील ‘व्हाइटहेड अँड होग’ कंपनीच्या बिल्ल्याची युक्ती साधीच होती : छापलेल्या कागदाची चकती, तिच्यावर पारदर्शक सेल्युलॉइडचा पापुद्रा, खाली पत्र्याची उथळ वाटी, कड दुमडून पक्की केलेली आणि मागे अडकवलेली तारेची टाचणी. मॅकिन्ले विरुद्ध ब्रायन ही त्या वर्षीची निवडणूक या स्वस्त बिल्ल्यांनी गाजली.

त्याच सुमारास ‘हाय अ‍ॅडमिरल’ सिगारेटसोबत ‘यलो किड’ या चित्रमालिकेतल्या पोराचे बिल्ले वाटले जाऊ लागले. रिचर्ड औटकॉल्ट या चित्रकाराच्या त्या टकल्या पोराची गंमत अशी, की तो जे बोले ते त्याच्या पायघोळ पिवळ्या अंगरख्यावर लिहिलेले असे. तोंड मिटलेले आणि अंगरखा बोलतो आहे! विनोदी बिल्ले लावणाऱ्यांचा मूळपुरुष शोधायचाच झाला, तर आम्ही या पोराकडे बोट दाखवू.

आम्ही त्याच्याच कुळातले. परक्या भाषेत माहिती देता येते, सराव झाला की भांडताही येते. विनोद मात्र उशिरा येतो. जेवणाच्या टेबलावर कोणी काही बोलले की आमच्या डोक्यात प्रथम मराठीत कोटी सुचे, मग तिचे इंग्रजी होई, मग उच्चार मनात घोळवला जाई, आणि ती ओठांवर येईतो मंडळी पुढच्या विषयावर, कधी पुढच्या पदार्थावरही, गेलेली असत. सांगलीत ज्याला ‘वात्रट’ म्हणत, तो माणूस कॅलिफोर्नियात ‘शांत आणि कामसू’ म्हणून नावाजला गेला. वार्षिक मूल्यमापनात हे दोन शब्द लेखी आले, तेव्हा बढतीच्या आनंदाऐवजी आमच्या पोटात गोळा आला. आपल्या स्वभावातला जो भाग आपणांस सर्वांत प्रिय, तो या देशाच्या दप्तरी नोंदलाच गेलेला नव्हता.

बिल्ल्यावरचा विनोद आधीच होऊन गेलेला असतो; त्याला उशीर होऊ शकत नाही. ‘मी ऐकतो आहे असे समजा’ हा बिल्ला लावून आम्ही एका बैठकीला गेलो. साहेबांची नजर भाषणाच्या ऐन भरात त्यावर पडली, वाक्य अर्धवट राहिले आणि ते मनापासून हसले. दुपारी शेजारच्या खोलीतला एक सहकारी, ज्याच्याशी दोन वर्षांत हवापाण्यापलीकडे बोलणे झाले नव्हते, आपणहून कॉफीला बोलवायला आला. ‘तू असा असशील असे वाटले नव्हते,’ तो म्हणाला. दोन वर्षांत आमच्याविषयी कोणी केलेले हे पहिले अचूक विधान.

आमच्या एका मराठी मित्रास हे पटत नसे. विकत घेतलेल्या वाक्यातून व्यक्तिमत्त्व कसे प्रकटणार, तेच वाक्य आणखी हजारजण मिरवत असतील, असे तो म्हणे. आक्षेप वजनदार आहे; फक्त मराठी माणसाने तो घ्यावा याचे नवल वाटते. नव्या नवरीला नाव घ्यायला सांगतात, तेव्हा ती स्वतः रचलेले काव्य म्हणेल अशी कोणाची अपेक्षा असते? तेच चांदीचे ताट, तीच जाईची वेल, तेच महादेवाच्या पिंडीवरचे बेलाचे पान. तरीही एक मुलगी नाव घेताना मान खाली घालते, दुसरी ठसक्यात घेते, आणि तिसरी सासूकडे तिरपा कटाक्ष टाकून नेमका असा उखाणा निवडते, की त्या घरात पुढची वीस वर्षे कोणाचे चालणार हे वऱ्हाडाला तिथेच कळून चुकते. शब्द उसने, निवड, वेळ आणि आवाज ज्याचे त्याचे.

ही निवड काढून घेतली की काय उरते, तेही अमेरिकेनेच दाखवून दिले आहे. पिवळ्या वर्तुळातला हसरा चेहरा हार्वी बॉल या चित्रकाराने १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील एका विमा कंपनीसाठी ४५ डॉलर घेऊन काढला. कंपन्यांच्या विलीनीकरणाने कर्मचारी खट्टू झाले होते. त्यांनी हसावे म्हणून व्यवस्थापनाने त्यांना हसऱ्या चेहऱ्याचे बिल्ले वाटले. ‘ऑफिस स्पेस’ (१९९९) या चित्रपटात हीच गोष्ट टोकाला नेली आहे. त्यातल्या उपाहारगृहात प्रत्येक वाढपिणीने गणवेशावर किमान १५ गमतीदार बिल्ले लावायचे असतात. नायिका मोजून १५ लावते, तरी साहेब नाराज. दुसरा एकजण ३७ लावतो, तुला स्वतःला व्यक्त करावेसे वाटत नाही का, असे ते तिला विचारतात. ३७ हवे असतील तर किमान संख्याच ३७ करा की, हा तिचा सवाल आम्हांस बिनतोड वाटतो. हुकमाने लावलेला विनोदी बिल्ला हा विनोद छापलेली चपरास असते.

मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनातील मेसा येथे बलबीरसिंग सोढी या शीख गृहस्थाचा त्यांच्याच पेट्रोल पंपापाशी खून झाला. मारेकऱ्याला त्यांची पगडी पुरेशी वाटली होती. पुढल्या काही आठवड्यांत आमच्या ओळखीच्या बहुतेक भारतीयांच्या मोटारींवर आणि कोटांवर अमेरिकेचा ध्वज दिसू लागला. कोणी तो शोकाने लावला, कोणी प्रेमाने, कोणी भीतीने. बहुतेकांनी तिन्ही मिळून. आम्हीही लावला. विनोदी बिल्ले खणात गेले. छातीवरचे वाक्य पुन्हा जुनेच काम करू लागले : हा माणूस कोणाचा, ते लांबूनच दिसावे.

२००२ च्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली. तिने खण आवरताना ते बिल्ले पाहिले.

“हे काय रे पदकांसारखं? काय लिहिलंय यांवर?”

आम्ही एकेकाचा अर्थ सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग हसायचं कुठे?”

पण कल्पना तिच्या मनात राहिली असावी. आठवड्याने म्हणाली, “मला एक करून दे. मराठीत.”

“मराठी वाचणार कोण इथं?”

“तुझं वाचतात, हसतात आणि पुढे जातात. माझं वाचता नाही आलं तर थांबून विचारावं लागेल की नाही?”

मजकूर तिचाच : ‘मला इंग्रजी येत नाही. तुम्हाला मराठी येतं का?’ ज्याला वाचता येईल त्याला तो सांगण्याची गरज नाही, आणि ज्याला सांगायचा त्याला वाचता येणार नाही, ही त्यातली मेख तिच्या लक्षात आली होती की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कधीच कळले नाही. एका मित्राकडे बिल्ले करण्याचे हाताने दाबायचे यंत्र होते. त्याच्याकडे जाण्यापूर्वी मात्र आम्ही तिला आमची धास्ती सांगितली : दिवस वाईट आहेत, छातीवर अनोळखी लिपी पाहून कोणी भलताच अर्थ काढील.

“अरे, ज्याला भ्यायचंय तो साडीलाही भिईल,” ती म्हणाली. “साडी सोडू का?”

यावर आमच्यापाशी ना मराठीत उत्तर होते ना इंग्रजीत. बिल्ला तयार झाला आणि पदराच्या पिनेशेजारी, खांद्याखाली विराजमान झाला. लोक खरोखरच थांबून विचारू लागले. बसमध्ये, बागेत, धुलाईच्या दुकानात. आई मराठीत सांगे, समोरची व्यक्ती इंग्रजीत बोले, आणि दोघांचे हात मधला मजकूर सांभाळीत. समोरच्या घरातल्या वृद्ध बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, कोपऱ्यावरच्या दुकानदाराची तीन मुले, आमच्याच भिंतीपलीकडच्या माणसाचे नाव, हे सारे चार वर्षे तेथे राहून आम्हांस तिच्याकडून कळले. ती असतानाच केव्हा तरी आमच्या कोटावरचा ध्वज उतरला आणि ‘दुपारचाही असेन असे वाटत नाही’ परत आला. समारंभ काही झाला नाही. एके दिवशी कोट धुवायला टाकला, एवढेच.

पुढे २०१६ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत कोणी एकाने ‘गप्पा मारू या का?’ अशा अर्थाचे बिल्ले वाटले, तेव्हा लंडनकरांनी घाबरून ‘तसा विचारही करू नका’ असे उलट बिल्ले काढले. बातमी वाचून आम्हांस दोन्ही पक्षांविषयी सहानुभूती वाटली. दोघांनीही काही न बोलताच आपला स्वभाव सांगितला होता, आणि दोघेही हसत होते. अनोळखी माणसाला धक्का न देता ‘मी असा आहे’ म्हणण्याचा याहून स्वस्त उपाय आमच्या माहितीत नाही.

बिल्ल्याची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. लावणाऱ्याला तो वाचता येत नाही. मान वाकवली तर अक्षरे उलटी दिसतात, आरशात पाहिली तर तिथेही उलटी. आपले वाक्य सुलट वाचणारा नेहमी दुसराच कोणी असतो, आणि ते कसे वाचायचे हेही तोच ठरवतो.

आई परत जाताना बिल्ला घेऊन गेली. सांगलीत तो सर्वांना वाचता येत होता, त्यामुळे मंडईत नुसते हसू झाले. आता कोणाला थांबून विचारण्याचे कारण उरले नव्हते. दिवाळीत मात्र पुण्याहून आमची पुतणी आली. ती इंग्रजी शाळेत दुसरीला. तिने आजीच्या मांडीवर बसून बिल्ल्यावर बोट ठेवले, एकेक अक्षर लावत तो शेवटपर्यंत वाचला, आणि हा प्रश्न आपल्यालाच विचारला आहे असे समजून प्रामाणिकपणे उत्तर दिले, “थोडं थोडं.”