ओढ्यात गेलेला नकाशा

चि. निखिल,


‘ब्लेअर विच पाहिला, मावशी, झोप आली,’ एवढंच कळवलंस! अरे, पण कुठला? 2016चा, ॲडम विंगार्डचा ना? मग त्यावरून 1999च्या मूळ सिनेमाला कसली नावं ठेवतोस? आधीचं न वाचता उत्तरार्धावर मत द्यायची तुझी खोड शाळेपासूनची.

विंगार्डकडे कानाला लावायचे कॅमेरे आहेत, ड्रोन आहे, जीपीएस आहे. पात्रं उगाच एकमेकांच्या अंगावर येऊन दचकवतात आणि शेवटी लांबलचक हातापायांचं काहीतरी चक्क दिसतं. दिसलं की संपलं! मेरीलँडचं म्हणून दाखवलेलं ते जंगलही कॅनडातलं.

मूळ सिनेमात चेटकीण एकदाही दिसत नाही. माझं जुनं म्हणणं तुला पाठ असेल: जंगलात माणूस घाबरतो तो वाट चुकल्यावर, बाकीचं सगळं त्याला मागाहून सुचतं. हरिश्चंद्रगडावर वाट चुकले त्या रात्रीनंतर तुझे बाबा तरी दुसरं काय सांगत होते? मिरिक आणि सांचेझ या दिग्दर्शकांनी ते ओळखलं. तिघा नटांच्याच हाती कॅमेरे दिले, आठ दिवस रानात हिंडवलं, रोज जेवण कमी केलं, रात्री तंबू हलवले. त्यांची चिडचिड पडद्यावर खरी वाटते, कारण ती बरीचशी खरीच होती. आणि तो नकाशा! तिघांतला माइकच तो ओढ्यात लाथाडतो, वर हसत हसत कबूलही करतो. मग दिवसभर दक्षिणेला चालून तिघं पुन्हा त्याच ओंडक्यापाशी. चेटकिणीला काही करावंच लागत नाही. विंगार्डच्या पोरांची यंत्रं मात्र जादूने बंद पडतात. त्याची कसली धास्ती घ्यायची?

पण तुझ्या निरोपातली शेवटची ओळ वाचून माझं सिनेमावरून लक्षच उडालंय. शनिवारी एकटाच सेनेका क्रीकच्या जंगलात जाणार, ‘फोन आहे ना’ म्हणे! मूळ सिनेमाचं बरंचसं चित्रण तिथलंच, हे तरी ठाऊक आहे का? चेटकिणीचं सोड, पाय मुरगळला तर? फोनची बॅटरी संपली तर? छापील नकाशा घे, शिट्टी घे, कुठल्या वाटेने जाणार ते घरमालकाला लिहून दे. त्यापेक्षा तुझ्या त्या गुजराती मित्रालाच सोबत ने ना. तो निदान खायला तरी भरपूर घेईल.

तुझ्या आईला मी अजून काही बोललेले नाही. ते तुझं तू सांग, आणि शनिवारच्या आत सांग.

तुझी,
मावशी