रोहितांचा रंग

गेल्या हिवाळ्यात नेरूळच्या तळ्याकाठी रोहित पक्ष्यांचा थवा पाहताना नातीने विचारले, “आजोबा, हे जन्मतःच गुलाबी असतात?”

“अर्थात!” मी ठोकून दिले.

घरी येऊन पुस्तक उघडले, तो काय! पिल्ले करडी असतात; गुलाबी रंग येतो तो शेवाळातल्या आणि कोळंबीसारख्या बारीक जिवांतल्या रंगद्रव्यांमुळे. त्यांचा मागे वळणारा ‘गुडघा’ तर चक्क घोटा निघाला! मी मुकाट्याने चूक कबूल केली.

शेजारच्या ठाणे खाडीला २०२२ साली रामसर यादीत मान मिळाला. पण तळ्यात येणारी भरती अडली, की हा खाऊ संपलाच.

“मग हे पांढरे पडतील?” नात म्हणाली.

“नाही ग बाळ, मग ते येणारच नाहीत.”

या खेपेस पुस्तक उघडावे लागले नाही.