उभे राहिलेले विमान

आम्ही तिघांनी भागीदारीत घेण्यासाठी १९७५ सालचे सेसना १७२ पाहिले, ते ओहायोतल्या एका लहानशा विमानतळावर. इंजिनाच्या २००० तासांच्या मुदतीपैकी निम्मीही सरली नव्हती. गेल्या ९ वर्षांत तर विमान जेमतेम ६० तास उडाले होते. पुण्यात जुन्या स्कूटरी पारखून घेतलेल्या आमच्या नजरेला याहून मोठे प्रमाणपत्र नको होते.

नोंदवहीत दरवर्षीच्या तपासणीची सही होती. चारही सिलिंडरांचे काँप्रेशन ८० पैकी ७५ च्या आसपास. आमच्या मेकॅनिकने मात्र ते आकडे बाजूला सारून एवढेच विचारले, की विमान इतकी वर्षे उभे कुठे होते? या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन थंडावले की तेल निथळून तळाशी जाते. महिनोन्‌महिने उभ्या विमानात कॅम कोरडा पडतो आणि दमट हवा आपले काम करते. काँप्रेशन सांगते ते रिंगांचे आणि व्हॉल्व्हांचे. कॅमविषयी ते मुके. तो पाहायचा तर एक सिलिंडर उतरवायला हवा.

मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. पत्नीच्या आजारपणात त्यांचे उडणे सुटलेले. सिलिंडर उतरवण्याचे नाव काढताच ते दुखावले (आम्हालाही आपण वधुपरीक्षेला आल्यासारखे ओशाळवाणे वाटले), पण खर्च आमचा म्हटल्यावर तयार झाले. टॉर्चच्या उजेडात कॅमच्या उंचवट्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले. असे खड्डे टॅपेटला खरवडत राहतात आणि लोखंडाचा कीस तेलातून इंजिनभर फिरतो. मालक बराच वेळ वाकून पाहत राहिले. मागच्याच रविवारी त्यांनी नातीला त्यातून फिरवून आणले होते.